वाळूजच्या हातमोज्यातला चौथा धागा

आमच्या इचलकरंजीतून छत्रपती संभाजीनगरला जाणारा माणूस वेरूळ-अजिंठा बघून येतो. मी तीन दिवस राहून आलो, अजिंठ्याच्या पायथ्याला फर्दापूरपर्यंत गेलो आणि एकही लेणं न बघता परतलो. लेण्यांची माहिती हवी असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा. मला सांगायचंय ते हातमोज्यांबद्दल, आणि त्या निमित्तानं थोडं माझ्याबद्दल.

कारखान्यांना हातमोजे, ॲप्रन असला माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे मी माल तपासायचो. त्याआधीचं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं. मागावरचं कापड मला कळतं: उभा ताणा, आडवा बाणा, दोन्ही एकमेकांना धरून बसलेले. होजिअरीचं कापड तसं नसतं. तिथं एकच धागा स्वतःत अडकत जातो, फासात फास, घरी स्वेटर विणतात तसा. म्हणून बनियन ताणला की ताणतो, आणि एक फास सुटला की खालपर्यंत उसवत जातो. कामगारांचे पांढरे हातमोजे याच पद्धतीचे.

वाळूजच्या एका कारखान्यात भागवत नावाच्या कामगारानं तापलेला सुटा भाग उचलला आणि हातमोजा वितळून त्याच्या उजव्या तळव्याला चिकटला. सूत तापलं तर करपतं, पेटलं तर राख होतं, पण वितळत नाही. वितळतं पॉलिस्टर. हातमोज्यांच्या गठ्ठ्यावर शंभर टक्के सुती असं छापलेलं होतं, आणि त्याखाली तपासणारा म्हणून माझी सही होती. मालकांनी मला सांगितलं, की जा, भेसळ कुणी केली ते शोध आणि लेखी घेऊन ये. हातमोजे बजाजनगरच्या मंगलताईंनी विणले होते. घरात आठ मशीन टाकून त्या आमचंच काम करायच्या. कागदावर त्यांचं नाव आलं असतं तर त्या मशीन दुसऱ्या दिवशी बंद पडल्या असत्या. कुणाचंच आलं नसतं तर माझं आलं असतं. मी गाडीत बसलो तेव्हा नाव ठरवून बसलो होतो.

औरंगपुरा, शनिवार

तिकिटावर संभाजीनगर होतं, कंडक्टर मात्र सगळ्या वाटेनं औरंगाबाद, औरंगाबाद ओरडत होता. रिक्षावाल्यानं औरंगपुऱ्यातल्या लॉजपर्यंत तीन गल्ल्यांतून वळसा घातला. हा मला नवखा बघून फिरवतोय अशी माझी खात्री झाली आणि मी तसं बोललोही. तो रिक्षा थांबवून खाली उतरला आणि त्यानं समोर बोट दाखवलं. लॉजकडं जाणारा सरळ रस्ता ड्रेनेजसाठी उकरलेला होता.

लॉजवर टॉवेल मिळाला तो मी आधी बोटांनी चोळला, मग एक फास ओढून बघितला. ही माझी जुनी खोड आहे. बायको म्हणते, तुम्ही पाहुण्यांच्या घरी गेलात की त्यांच्या पडद्यांशी बोलता, माणसांशी नाही. टॉवेल अर्धा पॉलिस्टर होता. मला बरं वाटलं. शहर फसवं आहे याचा एक पुरावा हाती आला.

दुपारी नान-खलिया खाल्ला. नान आमच्याकडच्या पावाहून मोठा, वरून पिवळट, चकचकीत. खलिया म्हणजे मटणाचा पातळ तिखट रस्सा. आमच्या तांबड्या रश्शासारखा तो जिभेवर धावून येत नाही, घशात उतरल्यावर आपलं काम करतो. नानला रंग लावलाय का, म्हणून मी वाढणाऱ्याला विचारलं. त्यानं हळद आणि गूळ असं सांगितलं. माझा विश्वास बसला नाही, तरी मी दुसरा नान मागवला.

संध्याकाळी गल्लीतल्या एका हिमरूच्या दुकानात शिरलो. हिमरू म्हणजे इथली जुनी शाल, सूत आणि रेशीम एकत्र विणलेली. दुकानदार सत्तरीचे, मेंदी लावलेली दाढी, आजूबाजूचे त्यांना चाचा म्हणत होते. त्यांनी जांभळी शाल उलगडली आणि यात अस्सल रेशीम आहे म्हणाले. मी इचलकरंजीचा आहे, कापडातलं मला कळतं, असं त्यांना सुनावलं, आणि परवानगी घेऊन शालीच्या दशांमधला एक धागा तोडून काडीनं पेटवला. कागद जळाल्यासारखा वास आला, राख करडी, फुंकरीनं उडून जाणारी. म्हणजे सूत. रेशीम असतं तर केस जळाल्यासारखा वास आला असता. मी राख त्यांच्यासमोर धरली.

चाचांनी राखेकडं बघितलंच नाही. ते म्हणाले, “इचलकरंजी के होकू दशा जलारे साब? दशा तो ताने की. ताना सूत का रहता.” मग त्यांनी शाल उलटी केली. मागच्या बाजूला नक्षीचे मोकळे धागे लोंबत होते. त्यांनी त्यातला एक नखानं तोडून माझ्या हातात दिला. “अब जलाव.”

केस जळल्याचा वास आला.

दशा म्हणजे ताण्याचीच टोकं, हे माझ्या गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल. मी ती जाळली, कारण ती हाताशी होती. तोडायला सोपी, आणि माल खराब होत नाही. दुकानाच्या पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात शाल नव्हती. हातमोजेही मी असेच तपासत आलो होतो. हातमोज्यात मशीनवर चार धागे एकत्र चालतात, एकच जाड धागा असल्यासारखे. मनगटाकडच्या टोकाला मी त्यातला एक ओढायचो, जो सहज येईल तो, आणि तेवढाच जाळायचो. चार वर्षं मी चारातला एक धागा जाळून सही करत आलो.

आता दुसरी गोष्ट. ती मी मालकांना सांगितली नव्हती, घरीही नाही. धाग्यांचे कोन, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेला धागा, मंगलताईंना आमच्याच गोदामातून जायचे. कोनाचं टोक पांढरं असेल तर सूत, निळं असेल तर पॉलिस्टर. त्या गठ्ठ्याच्या वेळी मंगलताईंनी मला मोबाइलवर एका कोनाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, निळ्या टोकाचे आलेत, चालतील का? मी एका लग्नात जेवायला बसलो होतो. फोटो न उघडता, खालचं न वाचता मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि जिलेबीकडं वळलो. भागवतचा हात भाजल्याची बातमी आली त्या दिवशी मला तो फोटो आठवला. मी तो शोधला, उघडून बघितला, आणि माझ्या फोनमधून काढून टाकला. त्यांच्या फोनमधून मला काढता येत नव्हता. बजाजनगरला मी भेसळ शोधायला जात नव्हतो. तो फोटो त्यांच्याकडं अजून आहे का, आणि त्यांना आठवतो का, एवढंच मला बघायचं होतं.

बजाजनगर, रविवार

बजाजनगर वाळूजच्या कारखान्यांना लागून आहे. गल्ल्या सरळ, घरं एकसारखी, दारात मोटारसायकली, आणि शिफ्ट सुटली की सगळ्या गल्लीला एकदमच भूक लागते. मंगलताईंचं घर आवाजावरून सापडलं. माग दणका देतो, या मशीन टकटक करतात, सुया वरखाली होताना. एक हातमोजा करंगळीच्या टोकापासून सुरू होतो, बोटं एकामागून एक भरत जातात, मग तळवा, शेवटी मनगटाला रबरी धागा लागतो आणि तयार हातमोजा खाली टोपलीत पडतो. आठ मशीनखाली आठ टोपल्या. मी थोडा वेळ नुसता बघत राहिलो. आत कुणी माणूस नसताना हात तयार होत होते.

मंगलताई चाळिशीच्या, मूळच्या पैठणकडच्या. माहेरी शेती, नवरा कंपनीत. त्यांनी दारातच मला ओळखलं, आणि ते मला आवडलं नाही. एवढं हसून स्वागत करण्यासारखं आमच्यात काय होतं?

“या भाऊ. लई दिवसांनी आलात. आधी फोन तर करायचा.”

फोन हा शब्द त्यांनी मुद्दाम काढला का, हा विचार मी चहा संपेपर्यंत करत होतो. त्यांचा फोन शिलाईच्या टेबलावर पालथा पडला होता, कव्हर नवं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, नवा घेतला वाटतं. त्या म्हणाल्या, व्हय, जुना मुलीला अभ्यासाला दिला. माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं. मग मनात आलं, जुन्यातलं सगळं नव्यात आणता येतं. माझ्या मुलीनं मला तसंच करून दिलं होतं.

त्यांनी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि येसर आमटी. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाला दळून केलेलं पीठ. ते उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी होते. आमच्याकडं पाहुणा आला की गूळ-शेंगा पुढं येतात आणि बोलणं लांबतं. इथं माणूस ताटाशी बसला की कुणी फार बोलत नाही. ती शांतता मला सोसवेना. ही बाई मला खाऊ घालून मऊ करतेय, असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी मी तिसऱ्यांदा आमटी घेत होतो.

जेवण झाल्यावर मंगलताईंनी स्वतःच त्या गठ्ठ्यातला राहिलेला एक जोड आणला. मनगटाची शिवण कापली, धाग्याचं टोक काढलं आणि चारी धागे नखानं वेगळे केले. धागे फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. दिसायला चारही सारखे, पांढरे, केसाळ. पॉलिस्टर अखंड तंतूचं असेल तर चकाकतं, लगेच ओळखू येतं. पण त्याचे बारीक तुकडे करून सुतासारखं कातलं, की बोटंही फसतात. त्यांनी देवघरातली काडेपेटी आणली.

पहिला जळाला, राख. दुसरा, राख. तिसरा, राख. चौथा पेट घेण्याआधी आक्रसला, काळा धूर सोडला आणि त्याच्या टोकाला एक कडक मणी झाला. त्यांनी तो बोटांत दाबला. फुटला नाही.

“निघाला,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. आता त्या फोटोचं काढतील, आता फोन उलटा करतील. त्यांनी मणी कागदात गुंडाळला आणि माझ्यापुढं ठेवला. मग इतकंच विचारलं, की मी काय लिहिणार. त्या पोराला भेटल्याशिवाय काही लिहीत नाही, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. कागद माझ्या पिशवीत लिहून तयार होता, फक्त त्यांची सही व्हायची होती.

“भेटाच,” त्या म्हणाल्या. “फर्दापूरला असतो, मामाच्या हॉटेलावर. मी दोनदा जाऊन आले.”

दोनदा कशाला? हा प्रश्न घेऊनच मी लॉजवर आलो. माणूस निर्दोष असेल तर शंभर किलोमीटरवर दोनदा कशाला जाईल? त्या दोघांनी काहीतरी ठरवलंय, फोटो त्याच्या हाती पोचलाय, आणि मला तिथं बोलावून कोंडीत धरणार आहेत, असं मी धरून चाललो. सकाळपर्यंत माझी पूर्ण खात्री झाली होती. तरी गेलो. न जाण्याचं कारण मालकांना सांगता आलं नसतं.

फर्दापूर, सोमवार

सिल्लोड मागं पडलं की कापसाची शेतं संपेनाशी होतात. वेचणी उरकलेली होती, पऱ्हाटीवर इथंतिथं पांढरी बोंडं राहिली होती. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, लेणी बघायला का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग उलटे फिरा, आज सोमवार, लेणी बंद. सगळी बस हसली. मीही हसलो.

लेणी बंद असली की फर्दापूर सुस्त असतं. रंगीत दगड विकणारे आपल्या टपऱ्यांत पेंगत होते. एकानं मला जांभळा स्फटिक दाखवला, मी तो नखानं खरवडला. आमच्या घाटमाथ्याच्या पर्यटकांच्या गावात सोमवार-मंगळवार सारखेच असतात, इथं मात्र एक वार अख्ख्या गावाला घरी बसवतो.

भागवत मामाच्या हॉटेलात गल्ल्यावर बसला होता. अठ्ठावीस-तीसचा, अंगानं भक्कम. उजवा हात पांढऱ्या पट्टीत, बोटांची टोकं तेवढी बाहेर. डाव्या हातानं तो बरणीतली बिस्किटं काढून देत होता, आणि दर वेळी झाकण कोपरानं दाबून धरत होता. मी कोण ते सांगितलं. त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग आधी माझं ओळखपत्र मागितलं. ते त्यानं दोन्ही बाजूंनी बघितलं.

त्याची अडचण सरळ होती. कारखान्याचं म्हणणं होतं, की त्यानं सांडशी न वापरता हातानं भाग उचलला, चूक त्याची. त्याचं म्हणणं होतं, सगळेच तसं उचलतात, जाड सुती मोज्यात तेवढा वेळ निघतो. मोजा सुती नव्हता असा कागद मिळाला तर त्याला परत घेणार होते. नाहीतर हात बरा होऊनही काम नव्हतं. कागदावर कुणाचं नाव असेल याच्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

मी विचारलं, “बजाजनगरच्या ताई आल्या होत्या ना? काय म्हणाल्या?”

“दोनदा आलत्या. म्हणल्या, धागा मीच मशीनवर चढवला, चूक माझी, माझं नाव लिहून देते.” तो थांबला. “मी म्हणलं, ताई, तुम्हाला काय माहीत ते पोलिस्टर हाय म्हणून. त्या म्हणल्या, माहीत व्हतं. निळं टोक बघितलं व्हतं.”

“आणखी काही?”

“नाय. रडल्या.”

फोटोबद्दल काहीच नाही. मी पुन्हा फिरवून विचारलं, कुणाला विचारलं होतं का त्यांनी, कुणी परवानगी दिली होती का. नाय, तो म्हणाला, कुणाचं नाव नाय घेतलं. आणि माझ्याकडं जरा रोखून बघायला लागला.

त्या घडीला माझ्यासमोर काय होतं ते मी लपवत नाही. लिहिलेला कागद पिशवीत होता. ज्या बाईचं नाव त्यावर होतं ती सही करायला स्वतःहून तयार होती. ज्याचा हात भाजला त्याला कुठलंही नाव चालणार होतं. मालकांना ते नाव आधीपासून पटलेलं होतं. फोटो माझ्या फोनमध्ये नव्हता. मला फक्त चहा संपवून परतीची बस धरायची होती. मंगलताईंनी फोटोचं भीतीपोटी लपवलं असेल, माझं नाव घेतलं तर पुढचे कोन मिळणार नाहीत म्हणून, असंही मी मनात बोलून बघितलं. असेलही. पण मग मला असं वाटलं, की तीन दिवस मी भेटेल त्या प्रत्येकाला संशयानं तपासलं, आणि दर वेळी तिथं काही सापडलं नाही.

भागवतच्या पट्टीतून बाहेर आलेली बोटांची टोकं पिवळट होती, नखांशी औषध सुकलं होतं. त्यानं बरणीचं झाकण पुन्हा कोपरानं दाबलं.

मी त्याला सांगितलं. निळं टोक, फोटो, लग्नाचं जेवण, अंगठा. फोटो काढून टाकला तेही. मग मी हात जोडून माफी मागितली.

मामा स्टोव्हपाशी उभे होते, त्यांनी तो बारीक केला. भागवत शिव्या देईल, निदान हात उगारेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

“माफीचं राहू द्या, साहेब,” तो म्हणाला. “लिहा.”

मामांनी वहीतून दोन कागद फाडून दिले. मी लिहिलं: हातमोज्यात चार धागे, तीन सुताचे, एक पॉलिस्टरचा. पॉलिस्टरचे कोन आमच्याच गोदामातून गेले. विणणाऱ्या बाईंनी मला फोटो पाठवून विचारलं होतं, आणि मी न बघता होकार दिला. माल तपासताना मी एकच धागा जाळला. खाली सही केली. दुसऱ्या कागदावर तेच उतरवून काढलं, मालकांसाठी.

भागवतनं कागद डाव्या हातात धरून वाचला. शब्दांवरून नजर हळूहळू फिरत होती, ओठ हलत होते. मग त्यानं दुसरा कागद घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवून पुन्हा वाचले, ओळीला ओळ लावून. मी माल असा कधी तपासला नव्हता.

“फोटो कधी आलता, तारीख नाय टाकली,” तो म्हणाला. “तारीख नसली तर ते म्हणतील मागून बनवलं.”

तारीख माझ्याकडं नव्हती. ती मीच पुसली होती. मी तसं सांगितलं.

“मग ताईला विचारा.”

त्यानं कागद माझ्याकडं सरकवले नाहीत, हाताखाली धरून ठेवले. मी फोन लावला. पलीकडून आधी मशीनची टकटक आली, मग मंगलताईंचा आवाज. मी म्हणालो, ताई, तुम्ही मला त्या निळ्या कोनाचा फोटो पाठवला होता, तो कोणत्या तारखेला?

त्या फोन खाली ठेवून शोधतील असं मला वाटलं होतं. त्यांनी श्वास घेण्याइतकाही वेळ घेतला नाही. तारीख सांगितली, मग वार, मग वेळ.

“अकरा वाजून दहा मिनिटं, भाऊ. आणि तुमचा अंगठा आला बारा वाजता. तवर मी मशीन बंद ठेवली व्हती.”

भागवतनं कागद सोडले. मी दोन्हींवर तारीख लिहिली, आणि त्यापुढं दोन्ही वेळा.